लपवलेला खर्च शेवटी कोण भरतं?

स्वयंसेवी संस्थांची बजेटं करून देणं आणि वर्षाअखेरीस त्यांचे हिशेब जुळवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. मराठवाड्यातल्या लहान संस्था माझ्याकडे येतात. त्या सगळ्या फायली चाळून माझं एक मत पक्कं झालं आहे. देणगीदाराच्या अटी पाळणं तितकं अवघड नसतं. त्याला आवडावं म्हणून कामाचा खरा खर्च दडवणं मात्र फार महाग पडतं, आणि ती किंमत स्वयंपाकीण, शिक्षिका आणि गावातला किराणा दुकानदार मोजतात.

बीड जिल्ह्यातल्या एका संस्थेचं सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी ती हंगामी वसतिगृह चालवते. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या येतात, कोयते निघतात, आणि मुलं गावात राहिली तरच त्यांची शाळा टिकते. म्हणजे वसतिगृहाची चूल दिवाळीच्या आगेमागे पेटायलाच हवी. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून मदत मिळणार, असा तोंडी होकार आला. त्या भरवशावर मुलं दाखल झाली, किराणा उधारीवर भरला. करारावर सह्या मात्र डिसेंबरात झाल्या, आणि त्यात एक कलम होतं: कराराच्या तारखेआधीचा खर्च ग्राह्य धरला जाणार नाही. हिशेबाला बसलो तेव्हा नोव्हेंबरची तांदूळ, तूरडाळ, तेलाची बिलं समोर होती. पक्की बिलं, जीएसटी क्रमांकासकट. ते धान्य मुलांच्या पोटात गेलं होतं. तरी एकेक बिल बाजूला काढावं लागलं, कारण त्यावरची तारीख कराराच्या आधीची होती.

दुसरा घाव आधीच बसला होता. ‘प्रशासकीय खर्च कमी दिसू द्या,’ असं मंजुरीच्या वेळी सुचवलं गेलं, आणि हातचा निधी जाईल या धास्तीने संस्थेने हिशेबनीस आणि समन्वयकाचा प्रवास हे दोन हेड काढून टाकले. बजेटमधून हेड गेले, पण काम कुठे गेलं? व्हाउचरं लावणं, हजेरीपट जुळवणं, तिमाही अहवाल, शेवटचं युसी म्हणजे निधी वापरल्याचं प्रमाणपत्र, हे सगळं एका शिक्षिकेने दिवसभर शिकवून झाल्यावर रात्री केलं. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला तेव्हा स्वयंपाकिणीचा पगार थकलेला होता. दुकानदाराची उधारी विश्वस्तांनी पदरचे पैसे घालून फेडली. संस्था उभी राहिली, पण पुढच्या हंगामाला ती शिक्षिका नव्हती. अशी माणसं पुन्हा मिळत नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

बजेटची सुरुवात आकड्यांपासून नको, कॅलेंडरपासून करा. कोणत्या महिन्यात कोणतं काम, त्याला पैसा कधी लागणार, हे आधी मांडा. गळीत हंगाम ३१ मार्च पाहून संपत नाही, कंपनीचं वर्ष मात्र त्या दिवशी संपतं. २०२१ पासून सीएसआरचा न खर्चलेला पैसा कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. प्रकल्प ‘चालू’ म्हणून मंजूर असेल, तर शिल्लक ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते. तसा नसेल, तर ६ महिन्यांत ती कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या निधीत जमा करावी लागते. मार्चमध्ये खर्चाचा तगादा लागतो तो यामुळे. तेव्हा हंगामी कामाचा प्रस्ताव देतानाच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी मागा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची ३ वर्षं त्यात बसतात.

प्रत्येक आकड्यामागे गुणाकार दिसू द्या. ‘भोजन: ३ लाख’ असं लिहिलं की समोरचा ते सहज अडीच लाख करतो. तिथे ‘५० मुलं, रोज ४० रुपये, १५० दिवस’ असं लिहा. मग अडीच लाख करायचे, तर मुलामागे रोजचे ३३ रुपये उरतात हे त्यालाही दिसतं, आणि ताटातून काय काढायचं हा प्रश्न तुम्हाला एकट्याला पडत नाही. दर कुठून आला तेही नोंदवा: धान्यासाठी तीन दुकानांची कोटेशनं, बांधकाम असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची. आपल्या कामाची खरेदी असेल आणि जीएसटी लागत असेल, तर तो धरूनच दर लिहा. संस्थेला त्याची वजावट सहसा मिळत नाही.

पगार लिहिताना फक्त हातात पडणारी रक्कम धरू नका. शिक्षिकेला मूळ वेतन १५,००० रुपये द्यायचं असेल आणि संस्थेला पीएफ लागू असेल, तर मालकाचा हिस्सा आणि त्यावरचे शुल्क मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. ग्रॅच्युइटी लागू असेल तर दरवर्षीच्या १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे महिन्याला साधारण ७२० रुपये बाजूला पडले पाहिजेत. एका माणसामागे वर्षाला हे ३२ हजारांवर जातं. बजेटमध्ये नाही धरलं तरी देणं टळत नाही.

प्रशासकीय खर्चाबद्दल तर बोलायला घाबरूच नका, फक्त नियम नीट वाचून जा. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यात मोडत नाही. त्यामुळे समन्वयकाचा प्रवास ‘प्रशासन’ या गाठोड्यात न टाकता ‘वसतिगृह भेटी व देखरेख’ म्हणून मांडणं सर्वस्वी रास्त आहे, कारण तो आहेच तसा. परदेशी निधीचं गणित वेगळं. त्याच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने तिथली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देणंही बंद झालं. नियमांच्या व्याख्येनुसार हिशेबाचा, अहवाल तयार करण्याचा, कायदेशीर सल्ल्याचा खर्च आणि कार्यालयाचं भाडं हे सगळं या २० टक्क्यांत येतं. शाळेतल्या शिक्षकांचा पगार येत नाही. कोणता खर्च कुठे बसतो, हे प्रस्ताव पाठवण्याआधी आपल्या सीएकडून लेखी घ्या. नावं बदलून प्रशासन दुसऱ्या हेडात ढकलू नका. ऑडिटमध्ये ते उघडं पडतं आणि एवढी वर्षं मिळवलेला विश्वास जातो.

करार हाती आला की चार गोष्टी शोधा. खर्च कोणत्या तारखेपासून धरणार? पहिला हप्ता केव्हा आणि किती? एका हेडातून दुसऱ्या हेडात किती टक्क्यांपर्यंत विनापरवाना वळवता येतं? शिल्लक राहिली तर परत करायची की पुढे वापरायची? उत्तर पटलं नाही तर सहीआधी ईमेलने विचारा. तारीख मागची करून द्या, अशी विनंती सहीआधी मान्य होताना मी पाहिली आहे. सहीनंतर ती कुणीच ऐकत नाही. तोंडी होकारावर किराणा भरायचा असेल, तर तेवढी रक्कम संस्थेच्या स्वतःच्या गंगाजळीत आहे ना, हे पाहूनच भरा.

आणि कपात करायचीच वेळ आली, तर दर कापू नका, व्याप कापा. ५० मुलांच्या जागी ४० मुलं घ्या. पण त्या ४० जणांना पोटभर जेवण, वेळेवर पगार मिळणारी शिक्षिका आणि नीट लिहिलेला हिशेब मिळू द्या. उरलेल्या १० मुलांची यादी प्रस्तावालाच जोडा आणि त्यांच्यासाठी किती पैसे कमी पडतात ते रुपयांत लिहा. देणगीदारांमध्ये समजूतदार माणसं पुष्कळ असतात. खरा आकडा समोर ठेवला, तर ती त्यावर विचार करतात. आपणच तो दडवला, तर त्यांना मदत करायची संधीही उरत नाही.