शिक्षकाचा शीण व सजगतेचा अभ्यास



शाळेची इमारत, फळा व शैक्षणिक साहित्य यांची निगा कशी राखावी, याचा विचार आपण नेहमी करतो. परंतु या साऱ्यांत जीव ओतणारे जे शिक्षकाचे मन, त्याच्या निगेचा विचार क्वचितच होतो. तो व्हावा, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

शिणाचे स्वरूप

दिवसभराच्या श्रमाने येणारा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. दिवाळीच्या सुटीनंतरही जो जात नाही, तो शीण निराळा. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्याचे वर्णन केले व त्यास 'बर्नआउट' असे नाव रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. मात्र ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे येणारी अवस्था म्हणून.

क्रिस्टिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ साली या अवस्थेची तीन अंगे मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. ती शाळेच्या संदर्भात अशी सांगता येतील :

(१) मन रिते होणे. सकाळी शाळेची वाट धरतानाच पाय जड होतात.

(२) माणसांविषयी कोरडेपणा येणे. प्रश्न विचारणारे मूल त्रासदायक वाटते; पालक भेटीस आले की कपाळावर आठी पडते.

(३) आपल्या हातून काही चांगले घडत नाही, असे वाटू लागणे.

यांपैकी पहिले व तिसरे अंग शिक्षक स्वतः सोसतो. दुसरे मात्र मुलांना सोसावे लागते. सकाळी उपाशी आलेले मूल वर्गात पेंगते. शिणलेल्या शिक्षकास त्याचे पेंगणे दिसते, भूक दिसत नाही. शिणाची खरी हानी ही आहे.

कारणे

हा शीण शिक्षकाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे. द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-दोन इयत्ता सांभाळणे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, आणि त्यातच अध्यापन, असा भार असता चांगला शिक्षकही थकतो. मॅस्लॅक व मायकेल लायटर यांनी १९९७ साली शिणाची मुळे कामाच्या सहा बाजूंत दाखविली : कामाचा भार, निर्णयाची मोकळीक, श्रमाची कदर, सहकाऱ्यांचे नाते, न्याय्य वागणूक व मूल्यांचा मेळ. यांपैकी एकही बाजू केवळ शिक्षकाच्या हाती नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढील अभ्यासाकडे वळावे.

सजगता म्हणजे काय?

आता जे घडत आहे, ते बरे-वाईट न ठरविता लक्षपूर्वक जाणणे, म्हणजे सजगता. पाली ग्रंथांत तिला 'सति' म्हटले आहे. आपल्या राज्यात नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे १९७६ साली सत्यनारायण गोएंका यांनी स्थापिलेल्या धम्मगिरी केंद्रात या परंपरेतील विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. तो आठ आठवड्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. रॉबर्ट रोझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॅनडा व अमेरिकेतील ११३ शिक्षकांनी भाग घेतला होता. प्रशिक्षण मिळालेल्या शिक्षकांचा ताण व शीण, ते न मिळालेल्यांच्या तुलनेत, कमी झाल्याचे त्यांत आढळले.

सजगता म्हणजे मन रिकामे करणे नव्हे, किंवा राग गिळणेही नव्हे. तिचे कार्य एका साध्या उदाहरणाने कळेल. मुलाने वही आणलेली नाही. शिक्षकाचा जबडा आवळतो, आवाज चढतो आणि कठोर शब्द निघून जातो. जबडा आवळला हे त्याच क्षणी ज्याच्या ध्यानात येते, त्यास शब्द निवडण्यास अवसर मिळतो. तेवढ्या अवसरात 'वही संपली का?' असे विचारता येते.

अभ्यासाचा क्रम

पहिला व दुसरा आठवडा : परिपाठापूर्वी पाच मिनिटे पाठ ताठ ठेवून बसावे व श्वासाचे येणे-जाणे पाहावे. मन भरकटेल, ते भरकटले हे कळणे हाच अभ्यास होय. न चिडता पुन्हा श्वासाकडे यावे.

तिसरा व चौथा आठवडा : शाळा सुटल्यावर पायांच्या तळव्यांपासून डोक्यापर्यंत क्रमाने लक्ष न्यावे. खांदे, मान, कपाळ कोठे आवळले आहे, ते पाहावे.

पाचवा व सहावा आठवडा : हजेरी घेताना प्रत्येक नावासरशी त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. तीस मुलांच्या वर्गात यास फार तर एक मिनिट अधिक लागेल. कोणाचे डोळे सुजलेले आहेत, कोण आज उल्हसित आहे, हे आपोआप कळू लागेल.

सातवा व आठवा आठवडा : रागाचे उत्तर देण्यापूर्वी एक पूर्ण श्वास घ्यावा.

वाटल्यास आपल्यापुरत्या वहीत रोज एक ओळ लिहावी. ही वही तपासणीत मागितली जाणार नाही. शीण घालविण्याचा उपाय हाच नवा भार होऊ नये. म्हणून या अभ्यासाचा अहवाल कोणी मागू नये व कोणी पाठवूही नये.

मर्यादा

सजगतेने सोसण्याचे बळ वाढते. म्हणून अनाठायी भार सोसत राहावा, असा तिचा अर्थ नव्हे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांस देता येत नाहीत. अशी कामे पडत असल्यास ती केंद्राच्या शिक्षण परिषदेत स्पष्टपणे मांडावीत. शांत मनाने मांडलेले गाऱ्हाणे अधिक नीट ऐकले जाते.

डोळे मिटून बसल्याने कोणास अस्वस्थता वाढत असल्यास डोळे उघडे ठेवावेत, सावकाश चालत अभ्यास करावा, अथवा तो थांबवावा. दोन आठवडे झोप लागत नसेल, सतत उदास वाटत असेल किंवा जीव नकोसा होत असेल, तर केवळ या अभ्यासावर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांस भेटावे, अथवा २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करावा. त्यात कोणताही कमीपणा नाही.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत शिणाच्या सहा मुळांपैकी कोणती प्रबळ आहेत? त्यांपैकी कोणती आपण सहकाऱ्यांच्या मदतीने बदलू शकतो?

२. गेल्या आठवड्यात आपल्या वर्गातील कोणत्या मुलाकडे आपले मुळीच लक्ष गेले नाही?

३. शेजारचा सहकारी शिणला आहे, हे कोणत्या खुणांवरून ओळखावे? त्याचा एक तास आपणांस घेता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेत सांगण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्या मुलाकडे पाहिले, म्हणजे पुरे.