न बोलणाऱ्या चुका

चि. मिहिर,


विद्यार्थ्यांसाठी केलेल्या टिपणांत सूत्रांच्या जागी नुसती डॉलरची चिन्हं आणि बॅकस्लॅश दिसतात, असं तू लिहिलंस. त्याची काळजी करू नकोस. बिघाड उघड दिसतो तिथे दुरुस्ती सोपी असते. मला धास्ती वाटते ती न बोलणाऱ्या चुकांची.

आधी तुझी अडचण. एकही सूत्र उमटत नसेल तर सूत्रांना हात लावू नकोस. बहुधा वेबपानावर सूत्रं उमटवणारं मॅथजॅक्सच लोड झालेलं नसतं. जुना नमुना उचलला असशील तर त्यातला पत्ता तपास, कारण मॅथजॅक्सचा जुना सर्व्हर २०१७ साली बंद झाला. काही सूत्रं उमटतात आणि काही नाही, असं असेल तर कडेच्या खुणा बघ. दोन डॉलरमधलं सूत्र मॅथजॅक्स ओळखतं. एका डॉलरची खूण मात्र तिसऱ्या आवृत्तीपर्यंत आपल्याला मुद्दाम चालू करावी लागते, नाहीतर किमती लिहिलेलं वाक्यही सूत्र ठरायचं. आणि एकच सूत्र अडलं असेल तर ते अर्धं काढून बघ, मग उरलेल्याचं अर्धं. एकदम चार बदल केलेस तर कशाने सुटलं ते कळणार नाही.

आता न बोलणाऱ्या चुका. एक्सचा दहावा घात लिहिताना घातचिन्हापुढे नुसते १० लिहिलेस तर १ वर चढतो आणि ० खालीच राहतो. लाल अक्षर नाही, इशारा नाही. १० महिरपी कंसात घालायचे राहिले, एवढंच कारण. पण वर्गातली मुलं वहीत तेच उतरवून घेणार. तू मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी करण्याच्या पद्धतीत लिहितोस, म्हणून मॅट्रिक्स नीट बघ. ओळ संपल्याची खूण म्हणजे दोन बॅकस्लॅश. त्यातला एक मार्कडाउन आधीच खातं आणि दोन ओळींची मॅट्रिक्स एका ओळीत पसरते. सूत्रातल्या अधोरेषांनाही ते कधी कधी तिरप्या अक्षरांची खूण समजतं.

सगळ्यांत वाईट 'पेक्षा लहान' हे चिन्ह. त्याला लागून अक्षर आलं की ब्राउझरला वाटतं टॅग सुरू झाला, आणि पुढचा मजकूर नाहीसा होतो. प्रमेयातली अट गेली तरी वाक्य पुरं वाटू शकतं! चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोड, किंवा त्याऐवजी बॅकस्लॅश देऊन एलटी लिही.

सूत्राच्या आत 'जर', 'किंवा' असे शब्द लिहायचे तर ते टेक्स्ट आदेशाच्या कंसात घाल. नाहीतर प्रत्येक अक्षर वेगळं चल धरलं जातं आणि काने-वेलांट्या सुट्या पडतात. कंटाळून सूत्राचं चित्र मात्र चिकटवू नकोस. मोठं केलं की ते धूसर होतं, आणि अंध विद्यार्थ्याच्या वाचक-प्रणालीला त्यातलं काहीच वाचता येत नाही.

हे सगळं फाजील टापटिपीसाठी नाही. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्यापुढे त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. त्यातली छपाई त्यांना इतकी खटकली, की त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली घडवायला घेतली. तीच टेक, तुझी सूत्रं आजही तिच्याच भाषेत लिहिली जातात. त्या कामातल्या चुकांची नोंद ते ठेवत गेले आणि १९८९ साली ती त्यांनी प्रसिद्धही केली. मला हे फार मोलाचं वाटतं. तूही एक वही घाल: काय दिसलं, कारण काय निघालं, कशाने सुटलं.

आणि टिपण पाठवण्याआधी ते फोनवर उघड, मूळ मजकूर बंद कर, आणि जे दिसतंय तेवढ्यावरूनच एखादं उदाहरण कागदावर सोडव. घाईच्या दिवशीसुद्धा. मॅट्रिक्सचं प्रकरण झालं की आधी मला पाठव, मी पेन घेऊन वाचते.

तुझी,
मावशी