विरळ हवेतील शर्यत

धामापूर समुद्रापासून फार दूर नाही. तेथील हवा दाट असते. तेथला धावपटू एकदम मेक्सिको नगरास गेला तर? ते सुमारे २,२४० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे १९६८ च्या ऑलिंपिक सामन्यांत अमेरिकेच्या जिम हाइन्सने १०० मीटरांची शर्यत ९.९५ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. विरळ हवेचा अडथळा कमी, आणि इतक्या अल्पावधीत स्नायूंत साठलेली शक्तीच बहुतांशी पुरते. १०,००० मीटरांत मात्र प्राणवायूवाचून निभाव नाही. त्या अंतराचा विश्वविक्रमवीर रॉन क्लार्क सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. जिंकला तो केनियाच्या उंच प्रदेशात वाढलेला नफ्ताली टेमू. उंचीवर रक्तातील तांबड्या पेशी वाढावयास काही आठवडे लागतात. तोवर नवख्याची पहिली धाव वेगाने होते, पण दुसरीपूर्वी दम लवकर परतत नाही.