चोरून धावू नकोस

शिरूर (घोडनदी)
मार्गशीर्ष, रविवार

चि. सौ. छकुलीस,


तू पाठवलेला आठवड्याचा तक्ता नीट वाचला. सोमवारी सुट्टी, मंगळवारी पाच किलोमीटर, बुधवारी पोलीस भरतीच्या पोरांबरोबर जोरात, गुरुवारी पुन्हा पाच, शनिवारी आठ आणि रविवारी पंधरा. आकड्यांत फार वावगं काही नाही. बुधवारचं पुढे बोलते. मी अडकले ते तुझ्या वेळांपाशी. पावणेचारला उठायचं, सव्वाचारला दार हळूच ओढून घ्यायचं, कुणी जागं व्हायच्या आत साडेपाचला परत. मग नळाचं पाणी, डबे, पोराची शाळा, तुझी शाळा. खाली तू लिहिलंयस, ‘म्हणजे घरात कुणाला त्रास नको.’ छकुले, हे मला पटलं नाही. तू स्वतःच्याच घरातून वेळ चोरते आहेस, आणि चोरलेल्या वेळात धावलेलं अंगी लागत नाही.

अंधाराचं आधी बोलते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या तालुक्यात पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात बिबट्याने काय केलं ते तू ऐकलंयस. थोड्या दिवसांच्या अंतराने माणसं गेली, त्यांत लहान लेकरं होती. लोक रस्त्यावर उतरले, शेवटी वनखात्याला एक बिबट्या गोळी घालून मारावा लागला. बिबट्याला आता डोंगर लागत नाही. धरणांचं पाणी कालव्यांनी आलं, ऊस वाढला आणि वर्षभर उभ्या असणाऱ्या त्या उसातच त्याच्या पिढ्या जन्मल्या. सध्या तोड चालू आहे. एक फड मोकळा झाला की त्यातलं जनावर रातोरात शेजारच्या फडात सरकतं; ते कुठे बसलंय हे रानाच्या मालकालाही सांगता येत नाही. भीमेकाठचा तुमचा दौंडचा पट्टाही त्याच उसाचा. त्यात तू पाणंदीने एकटी, डोक्याला बॅटरी, कानात गाणी! गाणी आजपासून बंद. उसाच्या कडेला खाली बसून बुटाची नाडी बांधू नकोस, कारण वाकलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ करायची नाही. ताठ उभं राहून हात वर करायचे, मोठ्याने ओरडायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे यायचं. वनखात्याचा १९२६ हा नंबर फोनमध्ये घालून ठेव.

बिबट्या एखाद्या वेळी भेटेल, ऊस भरलेल्या ट्रॉल्या मात्र रोज भेटतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी, चालवणारा रात्रभर जागा. धुकं पडलं की त्याला तू दिसणार नाहीस आणि तुला तो. म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही. या दिवसांत सूर्य सातच्या सुमाराला वर येतो, पावणेसातला पायाखालचं नीट दिसतं. तेव्हा निघ.

उजाडलं की घराचा गाडा सुरू होतो, हे मला काय ठाऊक नाही? पण म्हणूनच घरात बोलायला हवं. ‘मी धावायला जाऊ का’ असं सासूबाईंना विचारूच नकोस. त्या ‘जा की’ म्हणतील आणि दूध उतू गेलं की दोघी मनात कुढत बसाल. नेमकं बोल. ‘मंगळवारी आणि गुरुवारी पावणेसात ते साडेसात मी बाहेर असेन. त्या दोन सकाळी दूध तापवणं आणि पोराला उठवणं तुम्ही बघाल का? भाजी मी रात्रीच चिरून ठेवते.’ सासूबाईंना मी ओळखते. त्या अडवणाऱ्यांतल्या नाहीत, पण घरात काही लपून चाललंय हे कळलं की त्यांना लागतं, आणि ते रास्तही आहे. पहाटे सव्वाचारला वाजणारी कडी त्यांना ऐकू येत नसेल असं तुला खरंच वाटतं? म्हाताऱ्या माणसाची झोप किती सावध असते! तू परत येईपर्यंत त्या अंथरुणात जाग्या असणार. त्रास नको म्हणून जे करतेस, त्याचा त्रास त्यांना रोज होतोय.

जावईबापूंचं वेगळं आहे. रेल्वेची गाडी चालवणाऱ्याला रविवार नसतो. लॉबीतून कॉल आला की निघायचं, रेस्ट मिळेल तेव्हा मिळेल. रात्रभर गाडी ओढून आलेल्या माणसाची दिवसाची झोप मोडून तुझं रविवारचं धावणं व्हायला नको. ते घरी आणि झोप झालेले असतील त्या रविवारी डोंगर. ड्यूटीवर असतील त्या रविवारी घराजवळच्या मैदानावर फेऱ्या, पोराला सायकल देऊन सोबत घेऊन. कंटाळवाणं होईल, होऊ दे. आणि एखादा रविवार हुकलाच तर सोमवारी त्याची भरपाई करायची नाही. हुकलेलं उसनं फेडायला गेलं की पोटरी धरते, गुडघा बोलायला लागतो. शनिवारी तुझी सकाळची शाळा असते. दुपारी पोरगं आणि सासूबाई जरा कलंडले की तूही तासभर पड आणि ऊन उतरल्यावर धाव. झोप हा सरावाचाच भाग आहे. पावणेचारला उठणारी बाई रात्री साडेदहापर्यंत भांडी आवरत असेल तर तिच्या अंगातली झीज भरून निघणार कधी?

आता बुधवार. भरतीची पोरं चांगली आहेत, मेहनती आहेत, पण त्यांची वाट तुझी नव्हे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर. दौंडला राखीव दलाचे गट आहेत, तुमच्याकडच्या पोरांना ती वर्दी रोज डोळ्यांसमोर दिसते, त्यामुळे ती जीव तोडून पळतात. एका सेकंदावर नोकरी अडते त्यांची. तुला पुढच्या वर्षी सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरातली धाव करायचीय. दौंड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आणि तोरणा १४०० मीटर. तिथे तासन्‌तास चढत राहायचंय. त्यासाठी आठवड्यातलं बहुतेक धावणं इतकं सावकाश हवं की शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. भरतीच्या मुलींबरोबर मैदानावर जरूर जा, सोबत होईल, त्यांच्याबरोबर अंग मोकळं कर. पण त्या शिट्टीवर सुटल्या की तू आपल्या चालीने फेऱ्या मार. पंधरवड्यातून एकदा जोरात पळालीस तर माझी हरकत नाही.

डोंगराचं मात्र मन लावून कर. तुला जवळचा म्हणजे कुरकुंभच्या फिरंगाईचा डोंगर. लहान आहे म्हणून नाक मुरडू नकोस. वर जाऊन खाली, पुन्हा वर, असं केलंस की तोरण्याची तयारी तिथेच होते. चढावर पळायचा हट्ट नको. चढ उभा झाला की हात मांड्यांवर ठेवून, कमरेतून किंचित पुढे झुकून, लहान पावलांनी चालायचं. चांगले चांगले असंच चढतात. खरी परीक्षा उतारावर. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असतानाच भार अडवून धरावा लागतो, म्हणून दुखणं त्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना येतं. पहिल्या खेपांना अर्धाच उतार पळ, बाकीचा चाल. आपल्याकडचा मुरूम फसवा: वरून घट्ट वाटतो, पण खालच्या खडकावर बारीक खडे सुटे असतात आणि टाच मारली की पाय सरळ पुढे जातो. टाच मारू नकोस. पावलं आखूड आणि भराभर, नजर दोन-तीन पावलं पुढे, हात कडेला थोडे पसरलेले. आणि या दिवसांत माळावर कुसळ पिकलेलं असतं. मोज्यात शिरलेलं एकेक कुसळ आडवं होऊन आतच सरकत जातं, घरी येईपर्यंत घोट्याभोवती लाल ठिपके उठतात. लोकरी मोजे घालू नकोस, गुळगुळीत विणीचे घाल. आणि आल्यावर मोजे उलटे करून अंगणात बसून कुसळं काढ, तशीच धुवायला टाकलीस तर सगळ्यांच्या कपड्यांत जातील.

कुरकुंभ अंगवळणी पडला की यवतहून भुलेश्वरचा घाट. दौलतमंगळ किल्ल्याच्या आतलं ते देऊळ. काळ्या दगडातली कोरीव शिल्पं, स्त्रीरूपातला गणपती, सगळं पोराला दाखवण्यासारखं आहे. त्या दिवशी सगळं घर गाडीने वर येऊ दे आणि तू खालून पळत ये. वाटेत मेंढ्यांचा कळप दिसला तर पळणं थांबव. धनगरांची कुत्री पळणाऱ्यावर येतात, चालणाऱ्याला बहुतेकदा जाऊ देतात. लांबूनच मेंढपाळाला हाक मार, तो कुत्री आवरतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचं तू विचारलंस. तिथे धावायला जाऊ नकोस. एवढंसं ते अभयारण्य, चिंकाऱ्यांना उरलेल्या थोड्या जागांपैकी एक. गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. तिकीट काढून पोराला हरणं दाखवायला ने, शांतपणे बघा आणि या.

घरात करायचं काही विचारलंस. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी एका पायावर उभी राहा, मग दुसऱ्या. जमायला लागलं की डोळे मिटून. मुरमावर पाय मुरगळू नये म्हणून याच्यासारखं दुसरं नाही. पोटऱ्यांसाठी मागच्या दाराच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश खाली-वर कर. पायरीवर म्हणते आहे, उंबऱ्यावर नको. सासूबाईंना ते चालायचं नाही आणि मलाही चालत नाही.

खाण्याचं तू एका ओळीत उरकलंस, ‘परत येऊन चहा-बिस्कीट’. तुझा सगळ्यांत मोठा घोटाळा तिथे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, ५४ टक्क्यांच्या आसपास. पळणारीला तर जास्तच लागतं. दम लवकर लागतो, चढावर डोळ्यांपुढे अंधारी येते असं लिहिलंयस ना? सराव वाढवायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घे, आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरने सांगितल्या तरच. आल्या आल्या मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. जेवणात बाजरीची भाकरी, पालेभाजी, वर लिंबू पिळून. थंडीत हुलग्याची शेंगोळी कर, घरात सगळेच खातील. चहा जेवणाला लागून घेऊ नकोस. त्याने अन्नातलं लोह अंगात नीट शिरत नाही, तासाभराचं अंतर ठेव. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची पद्धत आता बंद. ताट सगळ्यांबरोबर वाढून घे.

शाळेतल्या पालकांनी ट्रॅकपँटमध्ये पाहिलं तर काय म्हणतील, असंही तू लिहिलंस. शेजारच्या बारामतीत २०१३ साली लता भगवान करे नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. वयाने साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून धावली. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांचं नाव घेऊन लोक अनवाणी पळायचे सल्ले देतात, ते मला आवडत नाही. त्यांच्याकडे बूट नव्हते, तुझ्याकडे आहेत, ते घाल. पण त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे असलेले काय म्हणत असतील याचा विचार करायला लता ताईंना सवड नव्हती. तुलाही नसली तरी चालेल. उलट वर्गातल्या मुलींना आपल्या बाई पळतात हे दिसलं पाहिजे. तेही उजेडातच दिसेल.

पौषातल्या एखाद्या रविवारी, जावईबापूंना रेस्ट असेल तेव्हा, सगळे चौफुला-न्हावऱ्यावरून इकडे या. टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्यात गोल फिरणाऱ्या गोट्यांनी काळा खडक घासून घासून कोरलेले, काही इतके खोल की आत माणूस बुडेल. खडक कोरडा असतो तेव्हा पाय कुठे धरतो आणि ओला असतो तिथे कसा सुटतो, हे तिथे मी तुला हाताला धरून दाखवीन. कडेकडेनेच जायचं, आणि पोराला पाण्याकडे सोडायचं नाही. सासूबाईंना आण. त्यांचे गुडघे दुखतात म्हणतेस, पण सपाटीवर त्या माझ्याबरोबर चालतील. मला त्यांच्याशी गप्पा मारायच्या आहेतच.

तोवर या आठवड्यात एवढंच कर: बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर घरात बोल आणि गुरुवारी गजर सहाचा लाव. हिमोग्लोबिनचा आकडा आला की फोनवर कळव. सासूबाईंना नमस्कार सांग, जावईबापूंना आशीर्वाद, चिरंजीवाला पापा.

तुझी,
मावशी