पिकअप गाडी आणि नैसर्गिक वायू

मोटारीसाठी दाबून भरलेल्या नैसर्गिक वायूस आपण सीएनजी म्हणतो. मिथेन हा त्याचा मुख्य घटक असून तो सुमारे २०० बार दाबाने टाकीत साठवितात. १ किलो वायूची उष्णता साधारण दीड लिटर पेट्रोलाइतकी भरते. म्हणून किलोचा भाव लिटरच्या भावाशी सरळ ताडून पाहू नये.

२०२२ साली टाटा कंपनीने पेट्रोल व वायू या दोहोंवर चालणारी इन्ट्रा व्ही-२० पिकअप बाजारात आणली. तिची भारक्षमता १००० किलो, म्हणजे ५० किलोची २० पोती. तीत टाकीचे वजन आधीच हिशेबात धरलेले असते. जुन्या गाडीस मागाहून टाकी बसविल्यास मात्र १० किलो वायूची पोलादी टाकी रिकामीच सुमारे ६० किलो भरते. तितके धान्य कमी भरणे भाग आहे. इंधनात वाचले तरी आणखी एक पोते चढवावे, हा आमच्या मते निव्वळ लोभ होय. त्याचे मोल चालक व हमाल जिवाने चुकवितात.

मिथेन हवेहून हलका आहे. उघड्यावर तो वर निघून जातो, बंद गोदामात छताशी साचतो. यास्तव अशी गाडी रात्री गोदामात कोंडू नये. वास येताच टाकीची झडप बंद करावी. विजेच्या बटणास हात लावू नये.

टाकीची जलदाब-चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते. पाऊल टाकताना आपण जो यत्नाचार पाळतो, तोच चाकासही लागू आहे. दिवाळीस वहीपूजन करताना चाचणीचा दाखलाही एकवार उघडून पाहावा, अशी आमची सर्व सभासदबंधूंस विनंती आहे.