सॉलिसिटर बदलण्याआधी

हॅरो, लंडन
रविवार

चि. सोनूस,


तुझा निरोप वाचला. रेडिंगच्या फ्लॅटची ऑफर कधीच मान्य झाली, पण सॉलिसिटर उत्तर देत नाही, इस्टेट एजंटचा तगादा थांबत नाही, आणि आता तुला दुसरा सॉलिसिटर गाठायचा आहे. तो तुझा हक्कच आहे, त्यात संकोच नको. फक्त राग आला म्हणून बदलू नकोस. काम नेमकं कुठे अडलंय ते आधी काढ आणि मग ठरव. कन्व्हेयन्सिंगच्या, म्हणजे घर नावावर करण्याच्या कामाच्या, ऑफिसात नोकरी करताना अशा पुष्कळ फायली येता-जाता पाहिल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे घर घेताना बरंचसं काम तुझ्या सॉलिसिटरच्या हातातच नसतं. लोकल अथॉरिटीचा सर्च, म्हणजे घराबाबतच्या नोंदींची तपासणी, कौन्सिलकडून येतो. एन्क्वायरींची, म्हणजे आपल्या सॉलिसिटरने विचारलेल्या प्रश्नांची, उत्तरं विकणाऱ्याच्या सॉलिसिटरने द्यायची असतात. त्यात तुझा फ्लॅट लीजहोल्ड, दीर्घ भाडेपट्ट्यावरचा. म्हणजे सर्व्हिस चार्जचे हिशेब, इमारतीचा विमा, पुढे निघणारी मोठी दुरुस्ती, आगीपासूनच्या सुरक्षेचे कागद, हे सगळं मॅनेजमेंट कंपनीकडून यायचं, आणि ती कंपनी फी भरल्याशिवाय कागद सोडत नाही. ही फी बहुधा विकणाऱ्याने भरायची असते. गाडं तिथे अडलं असेल तर नवा सॉलिसिटरही तिथेच येऊन थांबेल, आणि तू दोन बिलं भरशील.

म्हणून आधी एक ईमेल लिही. त्यात चारच प्रश्न विचार. कोणते सर्च मागवले आणि त्यांतले कोणते आले? कोणत्या एन्क्वायरी कधी पाठवल्या आणि कशाची उत्तरं बाकी आहेत? बँकेने काही विचारलंय का? माझ्याकडून काही हवंय का? उत्तराला तारीख घालून दे. संथ असला तरी या चारही प्रश्नांना नीट उत्तर देणारा माणूस सोडू नकोस.

उत्तर आलंच नाही, तर त्याच फर्ममध्ये तक्रारी कोण पाहतं ते त्यांच्या सुरुवातीच्या पत्रात लिहिलेलं असतं. त्या व्यक्तीला लिही आणि फाइल दुसऱ्या माणसाकडे द्यायला सांग. लोकांना हा मार्ग सुचत नाही, पण फाइल, सर्च, बँकेच्या सूचना सगळं जागच्या जागी राहतं आणि बरेचदा तेवढ्यानेच काम हलतं.

तरीही शांतताच असेल, तर मात्र थांबू नकोस. सॉलिसिटर बदलायची दुसरीही एक खूण सांगते. लीजची किती वर्षं उरलीत, ग्राउंड रेंट पुढे कसा वाढतो, हे तुला स्वतः लीज वाचून कळलं आणि सॉलिसिटरने त्याबद्दल अवाक्षर काढलं नसेल, तर ती दिरंगाईपेक्षा गंभीर गोष्ट आहे. पाठपुरावा करून दिरंगाई भरून काढता येते. न सांगितलेला दोष मात्र घर विकायच्या दिवशी आपल्याच अंगावर येतो.

बदलायचं ते एक्स्चेंजच्या, म्हणजे सह्या केलेल्या करारांच्या अदलाबदलीच्या, आधी. दादा नाशिकहून तुला विचारत असेल, विसार दिलास का म्हणून. आपल्याकडे विसार देऊन साठेखत केलं की माणूस बांधला जातो. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली तरी एक्स्चेंजपर्यंत कुणीच बांधलेलं नसतं. एक्स्चेंजला साधारण 10 टक्के डिपॉझिट जातं, कम्प्लिशनची, म्हणजे व्यवहार पुरा व्हायची, तारीख ठरते, आणि ती पाळली नाही तर डिपॉझिटवर पाणी सोडायची वेळ येऊ शकते. एक्स्चेंज आणि कम्प्लिशन या दोन तारखांच्या मध्ये, अगदी नाइलाज झाल्याशिवाय, सॉलिसिटर बदलू नये.

आता बदलायचा क्रम. जुन्याला सोडण्याआधी नवा पक्का कर. तो सॉलिसिटर असेल तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर असेल तर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सच्या यादीत त्याचं नाव बघ. पहिलाच प्रश्न असा विचार: तुम्ही माझ्या बँकेच्या पॅनेलवर आहात का? नसतील तर बँक स्वतःसाठी वेगळा सॉलिसिटर नेमू शकते आणि त्याचा खर्च तुझ्यावर येऊ शकतो. लीजहोल्डची कामं रोज करता का, माझी फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार आणि झालेले सर्च तुम्ही मान्य कराल का, हेही विचार. बँकांना सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या आतले सर्च लागतात, तेव्हा त्यांच्या तारखा बघ. मॉर्गेज ऑफर कधी संपते तेही आजच बघून ठेव.

मग जुनं बिल. झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात. ‘व्यवहार झाला नाही तर फी नाही’ असं असलं तरी आपण स्वतः सोडून गेल्यास ती सवलत बहुधा लागू होत नाही. सुरुवातीला सही केलेल्या अटी काढून वाच. बिल चुकतं होईपर्यंत फाइल अडवून ठेवायचा त्यांना अधिकार असतो, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच बदल्या तिथेच रखडल्या. रक्कम अवाजवी वाटली तर हरकत लेखी नोंदवून पैसे भर, फाइल मोकळी कर आणि मग रीतसर तक्रार कर. फर्मला उत्तरासाठी आठ आठवडे मिळतात. त्यानंतर लीगल ओम्बड्समनकडे जाता येतं, तिथे तक्रारीला फी लागत नाही. फाइल सोडण्याच्या पत्रावर सही करून दे आणि त्याच दिवशी बँकेला व एजंटला नव्या फर्मचं नाव कळव, कारण बँकेला सगळ्या सूचना नव्याने पाठवाव्या लागतात.

नवी फर्म ओळखीची आणि पैशांची तपासणी पहिल्यापासून करेल. मनी लाँडरिंगचा कायदा तसं मागतो, त्यात अपमान मानू नकोस. दादा-वहिनींनी पाठवलेल्या रकमेसाठी भेटपत्र, त्यांचं बँक स्टेटमेंट, मोडलेल्या एफडीच्या पावत्या आणि रक्कम बाहेर पाठवल्याचे बँकेचे कागद एका ठिकाणी ठेव. भारतातून प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तेव्हा उरलेली रक्कम कोणाच्या नावाने यायची ते दादाशी आधीच बोलून घे.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नकोस. फर्म बदलताना नवा खाते क्रमांक ईमेलने येतो, आणि चोर याच संधीची वाट बघत असतात. आलेल्या क्रमांकावर थेट पैसे टाकू नकोस. फर्मचा फोन नंबर नियामकाच्या यादीतून स्वतः शोध, त्या नंबरवर बोल आणि खातं आकड्या-आकड्याने ताडून घे. ‘खातं बदललं आहे’ असं कळवणारी ईमेल आली तर ती खोटीच आहे असं धरून चाल.

जुन्या सॉलिसिटरशी शेवटपर्यंत सौम्य भाषेत बोल, फाइल त्याच्याच हातून यायची आहे. पण भीड धरू नकोस. कर्ज पंचवीस-तीस वर्षं तू फेडणार आहेस, तेव्हा प्रत्येक कागदाचा अर्थ विचारायचा अधिकार तुझा आहे आणि तो समजावून सांगणं हे त्यांचं काम आहे. ते चार प्रश्न आज रात्रीच पाठव. उत्तर आलं की मला दाखव, पुढचं दोघी मिळून ठरवू.

तुझी,
आत्या