श्रीताड: बी ताजे हवे, जागा ऐसपैस हवी

तान्ह्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून बजरबट्टू बांधायची रीत घरोघरी होती. तो टणक मणी म्हणजे श्रीताडाचे बी, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

दक्षिण भारताचा पश्चिम किनारा आणि श्रीलंका हा या ताडाचा मुलूख. उत्तर कन्नड जिल्ह्यात कुमट्याजवळच्या याणा परिसरात त्याची झाडे आजही आपसूक वाढलेली दिसतात. केरळात त्याला कुडप्पना, म्हणजे छत्रीचा ताड म्हणतात. पंख्यासारखे एक पान 5 मीटरपर्यंत पसरते. याच पानांवर पोथ्या लिहिल्या गेल्या.

हे झाड जन्मात एकदाच फुलते, तेही 30 ते 80 वर्षांचे झाल्यावर. शेंड्यावर 6 ते 8 मीटर उंचीचा तुरा येतो, फळे पिकायला सुमारे वर्ष लागते आणि मग झाड मरते. बुंध्याशी फुटवेही येत नाहीत. खोडातल्या पिठासाठी किंवा जागा मोकळी करण्यासाठी ते फुलण्याआधी तोडले, तर मागे एकही बी उरत नाही. फळे गळेपर्यंत झाडाला कुऱ्हाड लावू नये.

पिकून गळलेले फळ छोट्या लिंबाएवढे असते. गर काढून बी धुवावे आणि दोन-तीन दिवस भिजत ठेवावे. पाणी रोज बदलावे. भोक पाडलेला बाजारातला बजरबट्टू पेरून उपयोग नाही.

बियातून आधी दांड्यासारखा कोंब निघून खोल जमिनीत शिरतो आणि पान बियापासून थोडे दूर वर येते. त्यामुळे उथळ ट्रे चालत नाही. उंच पिशवी घ्यावी किंवा कायमच्या जागीच पेरावे. उगवण महिनोन्‌महिने रेंगाळते. माती उकरून पाहिल्यास कोंब मोडतो.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की निचऱ्याच्या जमिनीत लागवड करावी. दोन झाडांत 8 ते 10 मीटर अंतर ठेवावे. घर आणि विजेच्या तारा लांब असाव्यात. कोवळ्या रोपाला सावली करावी.

गेंड्या भुंगा नारळाप्रमाणे याचाही शेंडा पोखरतो. म्हणून खड्ड्यात पूर्ण कुजलेलेच शेणखत घालावे, उकिरडा उपसून त्यातल्या पांढऱ्या अळ्या वेचून माराव्यात आणि मेलेले खोड बागेत कुजत ठेवू नये.

सगळी रोपे एकाच पावसाळ्यात न लावता चार-पाच वर्षांच्या अंतराने दोन-दोन लावावीत. तुरे मागेपुढे येतील आणि बी मिळत राहील. लागवडीचे साल मात्र घरच्या वहीत लिहून ठेवावे. तुरा बहुधा नातवंडांच्या काळात येईल.